बक्षीस लेखकाला, पुस्तक कुणाला?

साहित्य अकादमीने २०१७ साली ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा'ला बालसाहित्य पुरस्कार दिला. निवड चोख होती. धरणात जाणाऱ्या गावाकडे मुलाच्या नजरेने पाहणारं हे पुस्तक पालघर जिल्ह्यात आवर्जून वाचलं जायला हवं. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपायी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या मुलांनी घर, शाळा, किनारा मागे पडताना पाहिलं. पण पुस्तक आणि असा वाचक यांची गाठ घालून देणं पुरस्कार देणाऱ्यांच्या कामात बसत नाही. सोहळा झाला, धनादेश दिला की ते मोकळे.

हा पुरस्कार २०१० मध्ये सुरू झाला. मराठीतला पहिला मान अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला मिळाला. पुढे २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे, २०१५ मध्ये लीलाधर हेगडे, २०१६ मध्ये राजीव तांबे आणि २०१८ मध्ये रत्नाकर मतकरी यांना तो मिळाला, आणि चारही वेळा एकूण योगदानासाठी. चौघांच्या योग्यतेबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न बोईसरच्या एखाद्या शाळेत ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकाचा आहे. त्याने दुकानात जाऊन मागायचं काय? योगदान विकत मिळत नाही. पुस्तकाचं नाव घेऊन दिलेला पुरस्कार त्याच्या कामाचा असतो. संगीता बर्वे यांची 'पियूची वही' (२०२२) किंवा भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' (२०२४) तो निदान मागवू तरी शकतो.

राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाला वेगवेगळी दालनं आहेत. कादंबरीला साने गुरुजींचं नाव, कथेला राजा मंगळवेढेकरांचं. फास्टर फेणेच्या जनकाचं, भा. रा. भागवतांचं नाव मात्र नाटक-एकांकिकेला लावलं आहे, हे कोडं मला सुटलेलं नाही. त्याहून मोठी अडचण कुमारवयाची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बालकविता नकोशी झालेली असते आणि मोठ्यांची कादंबरी अजून झेपत नाही. या वाचकासाठी वेगळं दालन नाही. अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पण तो पस्तिशीच्या आतल्या लेखकाचा. वाचकाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून या वयाशी बोलतं आहे. परीक्षकांना मात्र हे वय अजून दिसायचंय.

आणि चित्रं? जिव्या सोमा म्हसेंना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, डहाणूची वारली चित्रं जगभर गेली; पण चित्रकार हाही मुलांच्या पुस्तकाचा कर्ता असतो, हे अकादमीच्या पुरस्काराच्या गावी नाही. माधुरी पुरंदरे स्वतःच चित्रं काढतात, म्हणून त्यांची चित्रं ओघात गणली गेली, इतकंच. टाटा ट्रस्टच्या 'पराग'ने २०१६ मध्ये 'बिग लिटल बुक' पुरस्कार सुरू केला, तेव्हा मराठी लेखनासाठी पुरंदरेंना आणि चित्रांसाठी अतनु रॉय यांना स्वतंत्र मान दिला. जर्मनीच्या बाल-कुमार साहित्य पुरस्कारात तर २००३ पासून कुमारवयीन वाचकांची स्वतंत्र निवड समितीच आहे. आपल्याकडे परीक्षकांत एकही मूल नसतं, हे कुणाला खटकतही नाही.

आणि भाषा? वारली चित्रांच्या याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर कुरणशाळा काढून शाळाच त्यांच्याकडे नेली. त्या मुलांच्या घरची बोली मराठी पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळी होती, आजही आहे. अकादमीचे पुरस्कार मात्र चोवीस भाषांच्या चोवीस खणांत बसवलेले, आणि वारलीला त्यात खण नाही. उद्या तलासरीच्या एखाद्या शिक्षिकेने तिथल्या आज्यांच्या गोष्टी वारलीत, शेजारी मराठी अर्थ देऊन, पोरांच्याच चित्रांसह छापल्या, तर ते पुस्तक कुठे पाठवायचं? दिल्लीला पाठवून उपयोग नाही. मुंबईत, राज्य पुरस्कारांच्या 'संकीर्ण' दालनात, बहुधा घेतील, तेही मराठी मजकूर पुरेसा भरला तर.