साल '३९ आणि आपली पीएचडी

पीएचडीला येऊ म्हणणाऱ्यांनी मेथडॉलॉजीचं पुस्तक उघडण्याआधी एक रॉक अल्बम ऐकावा असं मी सांगते, तेव्हा ज्युनियर्स हसतात. तुम्हीही हसा, पण ऐका: क्वीन या ब्रिटिश बँडचा 'अ नाईट ॲट दि ऑपेरा', १९७५.

यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' तुम्हाला माहीत असेल. ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हेही ऐकलं असेल. मला बोलायचंय ते गिटारवादक ब्रायन मेबद्दल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तो सूर्यमालेतल्या धुळीच्या गतीवर पीएचडी करत होता. बँड जोरात चालायला लागला आणि १९७४च्या सुमारास प्रबंध बाजूला पडला. त्यानंतर वर्षभरात हा अल्बम आला.

ब्रायनची त्यातली दोन गाणी एकापाठोपाठ ऐका.

पहिलं, '३९. काही माणसं नवी भूमी शोधायला अंतराळात जातात. परततात तेव्हा त्यांचं वय एकाच वर्षाने वाढलेलं असतं, पण मागे राहिलेल्यांचं आयुष्य सरलेलं असतं. निघतानाही साल '३९ आणि परततानाही '३९. मधे शंभर वर्षं गेली असं धरलं, तर यानाचा वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के हवा. विशेष सापेक्षतेच्या सूत्रात आकडे घालून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. भौतिकशास्त्र इतकं कडक, पण चाल मात्र साध्या लोकगीताची. म्हणून ते गणित डोक्याऐवजी गळ्यात दाटून येतं.

दुसरं, 'गुड कंपनी'. बाप मुलाला सांगतो, आपली माणसं जप. मुलगा मोठा होऊन धंद्यात इतका गढतो की मित्र सुटतात, बायको जाते. एक कंपनी उभी राहते आणि दुसरी हातची जाते. मागे जुना जॅझ बँड वाजतो: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट. पण यातलं एकही वाद्य तिथे नाही! ते सगळे आवाज ब्रायनने आपल्या एकाच गिटारवर काढून थरावर थर रचलेत, तेही सिंथेसायझरशिवाय. एकट्या पडलेल्या माणसाच्या गाण्यात आख्खा वाद्यवृंद एकटा माणूस वाजवतोय. आणि ती गिटार त्याने वडिलांबरोबर घरी बनवलेली. या अल्बममधलं मला सगळ्यात भिडलेलं काम हेच.

सगळंच असं नाही. 'स्वीट लेडी' हे गाणंही ब्रायनचंच, पण त्यात नुसता दणदणाट आहे. मी ते पुढे ढकलते.

गेल्या दिवाळीत घरी गेले, तर भाची मला बघून आईच्या मागे लपली. लॅबमध्ये माझं एकच वर्ष गेलं होतं, त्यातले आठ महिने एका बिघडलेल्या सॅम्पलच्या मागे. परतताना ट्रेनमध्ये '३९ लावलं आणि मधेच बंद केलं.

ब्रायनने पीएचडी पूर्ण केली २००७ साली, साठीत. यावरून 'चिकाटी ठेवा' असा धडा मी देणार नाही. रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरण्याआधी एवढंच करा: ही दोन गाणी ऐका आणि घरी कुणाला, कुठल्या वारी फोन करणार ते ठरवून टाका. गाईड वेळापत्रक देतील, पण त्यात हा रकाना नसतो.