देखभालीची कला : मर्ल लॅडरमन युकेलीज यांच्या कृतींचा पुनर्विचार

दैनंदिन जीवनालाच कलाकृतीचे रूप देण्याचा प्रयत्न परफॉर्मन्स आर्टच्या क्षेत्रात अनेकांनी केला. तथापि, हे दैनंदिन जीवन नेमके कोणाच्या श्रमांवर चालते, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या मर्ल लॅडरमन युकेलीज यांनी विशेष आग्रहाने मांडला. मातृत्वानंतर त्यांचा दिवस बाळाच्या संगोपनात व घरकामात जाऊ लागला. या अनुभवातून १९६९ मध्ये त्यांनी 'देखभाल कले'चा जाहीरनामा लिहिला. नवनिर्मितीला प्रतिष्ठा मिळते. निर्माण झालेले टिकवणाऱ्या श्रमांना मात्र ती मिळत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होय.

१९७३ मध्ये हार्टफर्ड येथील वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात त्यांनी पायऱ्या व फरशी तासन्‌तास धुतल्या. तेथीलच दुसरी कृती अधिक सूचक आहे. ममी ठेवलेली काचपेटी पुसणे हे सफाई कर्मचाऱ्याचे काम. युकेलीज यांनी ती स्वतः पुसली आणि शिक्का मारून त्या पुसण्यास कलाकृती ठरविले. परिणामी, यापुढे तिला हात लावण्याचा अधिकार संग्रहालयाच्या जतनतज्ज्ञाकडे गेला. काम तेच, काच तीच. बदलले ते केवळ करणाऱ्याचे पद. श्रमाचे मूल्य कामावरून नव्हे, तर करणाऱ्याच्या स्थानावरून ठरते, हे यातून स्पष्ट होते.

येथे एक आक्षेप संभवतो. या व्यवहारात कलावंत ही उपाधी युकेलीज यांच्याकडेच राहिली; सफाई कर्मचाऱ्याच्या पदरी काय पडले? १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून त्यांनी प्रत्येकाचे आभार मानले. ही त्यांची सर्वाधिक गाजलेली कृती. परंतु आभार मानणारी व्यक्ती एक आणि ते स्वीकारणारे हजारो, ही रचना तेथेही कायम राहते.

या दृष्टीने १९७६ मधील प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. एका कार्यालयीन इमारतीतील सुमारे ३०० देखभाल कर्मचाऱ्यांना त्यांनी रोजच्या कामातील एक तास कला मानण्याचे आवाहन केले. त्यांची छायाचित्रे घेऊन, हे काम की कला, याचा निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोपविला. त्यामुळे वेतन वाढले नाही. पण स्वतःच्या श्रमाला नाव देण्याचा अधिकार श्रमिकाकडे आला. दैनंदिनतेला कला म्हणणाऱ्या प्रत्येक कृतीचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे.