'विचकल्ट टुडे' आणि जुन्या आवाजाचा प्रश्न

इंग्लंडच्या डॉर्सेट भागातल्या इलेक्ट्रिक विझार्ड या बँडचा 'विचकल्ट टुडे' हा अल्बम २००७ साली आला. डूम आणि स्टोनर मेटल या संथ, जडशीळ संगीतप्रकारांतला हा अल्बम ऐकताना सत्तरच्या दशकातली तबकडी लावल्यासारखे वाटते, असे सहज म्हटले जाते. पण जुना आवाज म्हणजे केवळ स्मरणरंजन का, हा माझा प्रश्न आहे.

या आवाजाचे मूळ ब्लॅक सॅबथमध्ये आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या घालून ते वाजवू लागले, पुढे तारा सैल केल्या. 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त (१९७१) गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरली. पहिला अल्बम तर ऑक्टोबर १९६९मध्ये एका दिवसात मुद्रित झाला होता. हा जडपणा हौसेचा नव्हता, गरजेचा होता.

इलेक्ट्रिक विझार्डला अशी गरज नव्हती. तरीही त्यांनी लंडनचा टो रॅग स्टुडिओ आणि तिथले लियाम वॉटसन यांना निवडले. द व्हाइट स्ट्राइप्सचा 'एलिफंट' (२००३) बहुतांशी इथेच, संगणकाविना मुद्रित झाला. फितीवर जागा मोजकी असते. थरावर थर चढवत जाता येत नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे आधीच ठरवावे लागते.

'डोपथ्रोन'ची (२०००) सवय असलेल्या माझ्या कानांना हा अल्बम प्रथम फिका वाटला होता. तिथे गिटारचा गडगडाट सारे काही गिळून टाकतो. पुढे मोठ्या स्पीकरवर ऐकताना ड्रमच्या दोन आघातांमधली पोकळी ऐकू आली आणि मत बदलले. विलंबित लयीत दोन मात्रांमधले अंतर पेलावे लागते, तसे इथे वादकांना ते पेलावे लागते. लपायला आडोसा नाही. 'डनिच'मध्ये हे विशेष जाणवते.

उणीवही सांगितली पाहिजे. लव्हक्राफ्टची कथा, हॅमरचे ड्रॅक्युलापट यांतून घेतलेली भीती उसनी आहे. अकरा मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या 'ब्लॅक मॅजिक रिच्युअल्स अँड परव्हर्जन्स'मध्ये नुसते वातावरण उरते. तिथे जुना आवाज पोशाखासारखा वाटतो.

एरवी मात्र तो पोशाख नाही. आयोमींवर बंधन लादले गेले होते, या बँडने ते मागून घेतले. पण एकदा स्वीकारल्यावर तेही तितकेच काचते, आणि अल्बम जिथे उत्तम आहे तिथे तो काचच आपल्याला ऐकू येतो.