भावाला दिलेले उत्तर

सावित्रीबाई फुले यांची जयंती आपण साजरी करतो. त्यांचे लेखन मात्र वाचत नाही. प्रस्थापित समीक्षेने 'काव्यफुले'ची (१८५४) किती दखल घेतली हा प्रश्न आहेच, पण आपण तरी त्यांची पत्रे कुठे वाचली? मा. गो. माळी संपादित समग्र वाङ्मय १९८८ साली निघाले. त्यात जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. दोन नायगावची, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील माहेरची.

पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे. आजारी सावित्रीबाईंची भाऊ मनापासून सेवा करतो. आणि तोच सुनावतो, की महार-मांगांसाठी राबणाऱ्या तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकले ते योग्यच. यावर सावित्रीबाई शास्त्राधार शोधत बसत नाहीत. कुणब्या-माळ्याच्या घरातलाच दाखला उचलतात. गाईशेळ्यांना कुरवाळणारा, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजणारा तू माणसालाच का शिवत नाहीस? सांगली जिल्ह्यात शिराळ्याची नागपंचमी ज्यांनी पाहिली त्यांना या प्रश्नाची धार समजावून सांगायला नको. पुढचा घाव अधिक नेमका आहे: सोवळ्यातला ब्राह्मण तुझाही विटाळ मानतो, मग त्याच्या लेखी तू कोण? भाऊ निरुत्तर होतो.

विद्येचा मुद्दा येतो तो यानंतर. विद्याहीन जगणे पशुत्वाचे, आणि भटांचे श्रेष्ठत्व विद्येवरच उभे, असे त्या मांडतात. म्हणजे त्यांच्या लेखी शिक्षण जातीच्या प्रश्नापासून सुटे नाही. आजच्या स्त्रीमुक्तीच्या व्यासपीठांवर 'पहिली शिक्षिका' तेवढी उरली आणि भावाशी वाद घालणारी बहीण गळाली, हे मला खटकते. इंग्रजी राज्यावरचा त्यांचा विश्वास आज भाबडा वाटेल. पण पेशवाईची आठवण ताजी असलेल्या शूद्र-अतिशूद्रांना तो तसा वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे. पंचांग सांगत फिरणारा ब्राह्मण तरुण गणेश आणि अस्पृश्य समाजातली सारजा. ती सहा महिन्यांची गरोदर. गाव दोघांना जिवे मारायला निघाले. येथे दाखला, युक्तिवाद पुरत नाही. सावित्रीबाईंना धावत जाऊन इंग्रजी कायद्याचा धाक घालावा लागतो. जीव वाचला, गाव सुटले. दोघांना त्यांनी जोतीरावांकडे पाठवले.

सारजाचे मन मात्र पत्रात उमटत नाही. त्यासाठी फुल्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेकडे जावे लागते. या मांग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. त्यात धर्माला विचारलेले प्रश्न आपण व्याख्यानांतून उद्धृत करतो. पण त्याच निबंधात, बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांच्या घरावर छप्परही नसते, हे तिने नोंदवून ठेवले आहे.