गृहपाठ, गुण आणि आपली नोंद

विद्यापीठात विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाचे पुढे काय होते? प्राध्यापक गुण देतात, गठ्ठा बांधला जातो आणि एक दिवस रद्दीत जातो. तोच निबंध विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशासाठी लिहून घेतला तर तो सर्वांच्या उपयोगी पडेल, ही कल्पना चांगलीच आहे. पण पुण्यात ती फसली.

२०११ साली पुण्यातल्या काही महाविद्यालयांत हा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासविषयावर इंग्रजी विकिपीडियात भर घालायची होती. अनेकांनी पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे डकवले. ते शोधून काढण्याचे काम विनामोबदला राबणाऱ्या जुन्या संपादकांवर पडले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उपक्रम थांबला. दोष केवळ मुलांचा नाही. उत्तर 'पुस्तकातल्यासारखे' आले की शाबासकी देणारे आपणच आहोत.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. फातिमा शेख यांचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने हे पात्र आपणच रचले, असा दावा केला. त्याला खरे उत्तर संतापाने दिले नाही, कागदाने दिले. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे आणि ते पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहे. मात्र त्याच फातिमांची जन्मतारीख आणि इतर तपशील आपण समकालीन पुराव्याविना वर्षानुवर्षे पुढे पाठवत आलो, हेही कबूल केले पाहिजे. अशा एका कच्च्या तपशिलामुळे खरी नोंदही संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला, तपासता येईल असा आधार लागतो. आपल्या मोहल्ल्यांची बरीच स्मृती तोंडी आहे; ती तिथे चालत नाही. म्हणून ती आधी छापली पाहिजे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनांच्या स्मरणिका आणि असे वार्षिक अंक त्यासाठीच जपायला हवेत.

मराठीच्या प्राध्यापकांनी प्रत्येक विद्यार्थ्याला असा एकच छापील आधार वाचायला द्यावा, त्यावर त्याच्याच शब्दांत दहा ओळी लिहून घ्याव्यात आणि गुण लांबीला न देता आधाराच्या खरेपणाला द्यावेत. दहा ओळी थोड्या वाटतील. पण उद्या कोणी 'हे कुठे लिहिले आहे?' असे विचारले, तर आपल्या मुलांना पान उघडून दाखवता येईल.