ग्राहकाची साक्ष आणि समीक्षकाचा निर्णय

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा सौदा होतो तेव्हा खरेदीदार रव्याचा रंग पाहतो, कणी तपासतो, चिमूटभर गूळ जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. व्हिडिओ गेम विकत घेणाऱ्यास ही सोय सहसा नसते. खेळाचे गुणदोष खेळल्यावाचून कळत नाहीत, आणि खेळावयाचे तर आधी पैसे मोजावयास हवेत. मोठ्या नव्या खेळास चार-पाच हजार रुपयेही पडतात. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. साहजिकच त्यास दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तो शब्द आधी खेळलेल्या ग्राहकांचा असावा की व्यवसायाने समीक्षक असणाऱ्यांचा, हा प्रश्न वरवर पाहता बाजारातला वाटतो. वस्तुतः तो समीक्षाशास्त्राचा आहे.

आपल्या परंपरेस हा प्रश्न अपरिचित नाही. नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात प्रयोगाचे यश ठरविताना प्रेक्षकांचे स्मित, हास्य, साधुवाद ही चिन्हे भरताने मानलीच आहेत. परंतु त्यांच्या जोडीस प्राश्निकांचीही योजना केली आहे. वृत्ताविषयी छंदोवेत्त्याने, शब्दाविषयी वैयाकरणाने, शस्त्रप्रयोगाविषयी धनुर्विद्या जाणणाऱ्याने मत द्यावे, अशी ही व्यवस्था होय. तिचे मर्म असे की, भरताने कोणाचाही अधिकार सरसकट मानला नाही. प्रत्येकाच्या अधिकाराचे क्षेत्र आखून दिले. आजच्या वादात नेमके हेच विसरले जाते.

२०२० या एकाच वर्षातील दोन उदाहरणे पाहावीत. १० डिसेंबर रोजी ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ प्रसिद्ध झाला. प्रकाशनापूर्वी समीक्षकांच्या हाती संगणकावरील प्रतच देण्यात आली होती, आणि तिच्या आधारे बहुतेकांनी त्याची प्रशंसा केली. प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रांवर मात्र तो वारंवार बंद पडू लागला. ही गोष्ट उजेडात आली ती मुख्यतः पैसे मोजलेल्या ग्राहकांमुळे. आठवड्याभरात सोनीने हा खेळ आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला व पैसे परत देऊ केले. समीक्षकांनी असत्य लिहिले होते असे नव्हे. परंतु जे त्यांना दाखविलेच गेले नव्हते त्याविषयीचे मौन वाचकांनी संमती म्हणून वाचले.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. १९ जून रोजी प्रसिद्ध झालेला ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ पुरा करण्यास वीसहून अधिक तास लागतात. तथापि प्रकाशनानंतर काही तासांतच मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर हजारो वाचकांनी त्यास अगदी नीचांकी गुण दिले. खेळ पुरा करण्यास लागणारा वेळ उलटण्यापूर्वीच दिलेले हे गुण म्हणजे साक्ष नव्हे, तो रोष होय. पुढे जुलैमध्ये त्या संकेतस्थळाने नव्या खेळांस पहिले ३६ तास वाचकांचे गुण न स्वीकारण्याचा नियम केला. स्टीमवर मत देणाऱ्याने किती तास खेळ खेळला हे मतासोबतच दिसते. साक्षीदार घटनास्थळी होता की नाही, हे ताडण्याचाच तो उपाय आहे.

यावरून असे दिसते की, ग्राहकाचे मत ही साक्ष आहे, तर समीक्षकाचे मत हा मूल्यनिर्णय आहे. यंत्र अडखळते काय, पैसे वसूल होतात काय, येथे ग्राहकाचा अधिकार मोठा. कारण समीक्षकास बहुधा प्रत विनामूल्य मिळते. रचना, पूर्वसुरींशी नाते आणि नावीन्य यांचा विचार मात्र अनेक खेळ तुलनेने पाहिलेल्या समीक्षकानेच करावा. साक्षीत तपशील हवा, निर्णयात कारणे हवीत. केवळ गुणांच्या आकड्यात दोन्ही नसतात. म्हणून तो सर्वांत कमी विश्वसनीय मानावा.

या विवेचनाची कसोटी आपल्याच भागातील एका खेळावर घेता येईल. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा असून तिचे निवेदन दुर्गा व विष्णू करतात. परदेशी समीक्षकांनी त्यातील चित्रशैली वाखाणली; युद्धाची रचना मात्र अनेकांना उणी वाटली. हा दुसरा निर्णय देण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. परंतु देवीची कथा लहानपणापासून ऐकलेल्या खेळाडूस ते निवेदन कसे भासते, याचा निर्णय त्यांच्याकडून अपेक्षिणे योग्य नव्हे. तो येथील रसिकाने, आपल्या भाषेत, कारणे देऊन केला पाहिजे.

मराठीत अशी कारणमीमांसा अद्याप विरळ आहे. ती होईपर्यंत आपला विद्यार्थी परक्यांच्या निर्णयावर किंवा अनोळखी जमावाच्या रोषावर आपले पैसे लावीत राहील. नाटक व चित्रपट यांस अभ्यासविषय मानणाऱ्या विभागांनी हे काम आपले नव्हे असे म्हणणे उचित होणार नाही.