प्रभाग समितीतील स्वीकृत सदस्यत्व : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

लोकशाही विकेंद्रीकरणाची चर्चा आपल्याकडे बहुधा ग्रामसभेपासून सुरू होते आणि ग्रामपंचायतीपाशीच संपते. शहरातील नागरिकाने निवडणूक न लढविता, केवळ सेवाभावाने नगर प्रशासनास सल्ला द्यावा, अशीही तरतूद कायद्याने केलेली आहे. प्रभाग समितीवरील स्वीकृत सदस्यत्व हे तिचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. या सदस्याकडून कायदा कोणती अपेक्षा बाळगतो आणि ती अपेक्षा पुरेशी आहे काय, याची चिकित्सा पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तरतुदींचे स्वरूप :

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. त्यास अनुसरून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ मध्ये या समित्यांची रचना सांगितली आहे. समितीच्या क्षेत्रातील नगरसेवक, प्रभागाचा प्रभारी अधिकारी आणि समाजकल्याणाचे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त अशासकीय संस्थांतून घेतलेले कमाल तीन सदस्य, अशी ही रचना आहे. या तिघांचे नामनिर्देशन तेथील नगरसेवकांनीच करावयाचे असते. ते त्याच क्षेत्रातील मतदार असले पाहिजेत, अशीही अट आहे. पाणीपुरवठा, मलनिःसारण, स्वच्छता यांविषयीच्या तक्रारींचे निवारण आणि अंदाजपत्रकातील प्रभागाच्या खर्चावर शिफारशी, ही समितीची प्रमुख कामे होत. पिंपरी-चिंचवडमध्ये अ ते ह अशी आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येक क्षेत्रासाठी एक समिती धरल्यास, कमाल चोवीस नागरिकांना या मार्गाने प्रशासनात स्थान मिळू शकते.

महानगरपालिकेच्या सभागृहातील नामनिर्देशित सदस्य हा याहून वेगळा प्रकार आहे. त्याला मतदानाचा अधिकार नसतो. त्याच्या अर्हतेसाठी २०१२ चे नियम असून वैद्यकीय व्यावसायिक, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, अभियंता, वकील, संस्थांचे पदाधिकारी अशा श्रेणी त्यांत दिल्या आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने या सदस्यांची कमाल संख्या पाचवरून दहापर्यंत वाढविण्यात आली.

चिकित्सा :

या तरतुदी एकत्र वाचल्या असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सदस्य कोणास करावे, याविषयी नियम बोलके आहेत. सदस्याने काय करावे, याविषयी ते जवळजवळ मूक आहेत. किती बैठकांना उपस्थित राहावे, नागरिकांचे म्हणणे कसे गोळा करावे, समितीपुढे आलेल्या कामात स्वतःच्या संस्थेचा संबंध असल्यास काय करावे, दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगावे, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. नगरसेवकाच्या बाबतीत महानगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असणे ही अपात्रता ठरते. स्वयंसेवी सदस्यासाठीही हितसंबंध जाहीर करण्याचे बंधन तितक्याच स्पष्ट शब्दांत असावयास हवे.

अपेक्षा लिहिलेल्या नसल्या की पदाला दुसरे अर्थ चिकटतात. उमेदवारी न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावणे, यास वृत्तपत्रांनी ‘राजकीय पुनर्वसन’ हा शब्द रूढ केला आहे. निवड करणारे नगरसेवकच असल्यामुळे, ज्यांच्या कामाविषयी परखड मत द्यावयाचे त्यांच्याच मर्जीवर सल्लागाराचे पद अवलंबून राहते. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. निवडक व्यक्तींना समितीवर घेऊन निर्णयाचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवणे, यास त्यांनी प्रतीकात्मक सहभागात गणले आहे. आपली तरतूद त्याच पायरीवर रेंगाळलेली दिसते.

दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, तळवडे वा चिखलीत भाड्याने राहणारा आणि गावाकडेच मतदार म्हणून नोंदलेला कामगार या समितीवर येऊच शकत नाही. पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी आणि तुंबलेले गटार यांचे अनुभवसिद्ध ज्ञान मात्र त्याच्यापाशी आहे. याउलट २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे सांगितले. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला सल्ल्याचा अधिकार, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित नाही, हेच यावरून सिद्ध होते.

तिसरा मुद्दा सातत्याचा. प्रभाग समितीची मुदत महानगरपालिकेच्या मुदतीशी जोडलेली आहे. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधल्या पावणेचार वर्षांहून अधिक काळ प्रशासकीय कारभार होता. ज्या काळात लोकप्रतिनिधी नव्हते, त्या काळात नागरिकांच्या सल्ल्याची गरज सर्वाधिक होती. परंतु नेमकी तेव्हाच सल्ल्याची ही वाट बंद राहिली.

या साऱ्याची झळ पट्ट्यातील गावांना अधिक लागते. १९९७ साली चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली आदी गावे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यासरशी तेथील मतदारांचा ग्रामसभेचा अधिकार संपला. शहरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाली खरी, परंतु ती कागदावरून वस्तीत उतरली नाही. चाकणला २०१५ मध्ये नगरपरिषद झाली. तीन लाखांची अट तेथे पूर्ण होत नसल्याने प्रभाग समितीचे घटनात्मक बंधन नाही. शेजारच्या निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे या गावांत कारखाने आले, पण ग्रामसभा टिकली. चाकण परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिकेचा विचार २०२५ मध्ये शासनपातळीवर पुढे आला. ग्रामसभेच्या बदल्यात या गावांना काय मिळणार, हा प्रश्न त्यामुळे केवळ शैक्षणिक राहिलेला नाही.

एक आक्षेप येथे संभवतो. विनामोबदला काम करणाऱ्यावर नियमांचे ओझे टाकल्यास चांगली माणसे पुढे येणार नाहीत, असे म्हटले जाते. हा आक्षेप वरवर पटणारा आहे. परंतु नियम जसे सदस्याला बांधतात तसे त्याचे रक्षणही करतात. विषयपत्रिका आधी मिळणे, मत इतिवृत्तात नोंदले जाणे, शिफारस नाकारल्यास लेखी कारण मिळणे, हे त्याचे हक्क ठरतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९५३ च्या ब्राउन अधिनियमानुसार स्थानिक संस्थांनी रीतसर स्थापन केलेल्या सल्लागार समित्यांनाही खुल्या बैठकीचे बंधन आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी प्रसिद्ध करावी लागते. आपल्याकडेही माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ प्रमाणे, सल्ल्यासाठी नेमलेल्या समित्यांची माहिती आणि त्यांच्या बैठका व इतिवृत्ते जनतेस खुली आहेत काय, हे प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे आहे. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर बांधकाम व्हावयाचे आहे.

निष्कर्ष :

स्वीकृत सदस्यत्वातील उणीव व्यक्तींच्या सचोटीपेक्षा नियमांच्या मौनात अधिक आहे. जाहीर अर्ज मागवून निवड, किमान उपस्थितीची अट, हितसंबंधांचे प्रकटन, कामगारांना येता येईल अशी बैठकीची वेळ, वर्षाकाठी एक लेखी अहवाल आणि प्रत्येक शिफारशीस प्रशासनाचे लेखी उत्तर, एवढ्या सहा गोष्टी राज्य शासनाने नियमांत घालाव्यात, असे सुचवावेसे वाटते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सल्ला देणाऱ्याकडून निष्ठेची अपेक्षा करावयाची तर सल्ला घेणाऱ्यानेही उत्तरदायी असले पाहिजे. अन्यथा ग्रामसभा गमावलेल्या चिखली-मोशीच्या नागरिकाला समितीच्या फलकावरील तीन नावांपलीकडे काहीच लाभणार नाही.